लेकीच्या घरचे पाणी

हडपसरच्या आमच्या घरात चार बादल्या आहेत आणि प्रत्येकीचे काम ठरलेले आहे. एक आंघोळीची. एकीत कपडे खळबळल्यानंतरचे शेवटचे पाणी साठते. ते संडासात ओतायचे. एक फरशीची. चौथी निळी, स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरखाली ठेवलेली. आमचा फिल्टर एक तांब्या पिण्याचे पाणी देतो तेव्हा एका बारीक नळीतून तेवढेच, कधी त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. ते गटारात जाऊ नये म्हणून ती बादली. पुढचे सगळे या निळ्या बादलीमुळे घडले.

बादल्यांची व्यवस्था माझी. माझी सारी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. दर उन्हाळ्यात खडकवासल्यात किती पाणी उरले याची बातमी माझ्या हातून जायची आणि नागरिकांनी पाणी जपून वापरावे, असे तिच्या शेवटच्या परिच्छेदात असायचे. घरी दाढी करताना मी नळ चालू ठेवत असे. बायको शाळेत शिकवते. तिला चूक दिसली की ती खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा बाथरूमच्या दारातून ती म्हणाली, "बातमी लावून झाली असेल तर नळ बंद करा." सुरुवात तिथून झाली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि बाकीचे वाढत गेले.

बाकीचे म्हणजे फार काही नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. तो इवलासा तुकडा नंतर कोणालाच सापडत नाही. पिशव्या धुऊन खिडकीच्या गजांवर वाळवायच्या आणि महिन्याने रद्दीवाल्याला द्यायच्या. भाजीसाठी जुन्या साडीच्या पिशव्या बायकोने शिवल्या, पण आम्ही दोघेही त्या घरी विसरून जायचो. शेवटी मी त्या दाराच्या कडीलाच अडकवल्या. आता पिशवीला हात लावल्याशिवाय दार उघडत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कोथिंबिरीचे देठ आमटीत जातात. यातले बरेचसे बायकोच्या माहेरी, लोणी काळभोरला, कोणतेही नाव न देता चालत आलेले होते. मी फक्त त्याचे नियम केले.

ओल्या कचऱ्याचे मात्र जमत नव्हते. गॅलरीत जाळीचा एक क्रेट आणून मी त्यात साली आणि देठ टाकत होतो. महिनाभरात त्यात अळ्या झाल्या. शेजारच्या काकूंनी एका सकाळी बेल वाजवली आणि अत्यंत सौजन्याने विचारले की, आपल्याकडे कोणी आजारी आहे का, काही वास येतोय.

या सुमारास सासरे आमच्याकडे राहायला आले.

त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. सासूबाई गेल्यावर ते लोणी काळभोरला दोन खोल्यांत एकटे राहत होते. बायको त्यांची एकुलती एक. शेत भावकीत वाटले गेले, विकले गेले, आणि त्यावर कॉलेजच्या मुलांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. आबांकडे विहीर आणि तिच्या कडेची चार झाडे उरली. एका सकाळी ते मोरीत घसरून पडले आणि दुपारी पुतण्या डोकावेपर्यंत तिथेच पडून होते. हाड मोडले नाही, पण गुडघा कायमचा कुरकुरू लागला. त्या दिवशी बायकोने त्यांना आमच्याकडे चला म्हटले. ते नाही म्हणाले, आणि पुढचे सात-आठ महिने नाहीच म्हणत राहिले.

कारण गुडघा नव्हता. त्यांच्या वळणाच्या माणसांत बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जुनी माणसे लेकीच्या घरचे पाणीही पीत नसत. आबा इतके कडक नव्हते. सणावारी येत, जेवत, आणि संध्याकाळच्या बसने परत जात. पण राहायला येणे वेगळे. शेवटी चार दिवसांसाठी म्हणून ते आले, तेव्हा त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये त्यांच्या विहिरीचे पाणी होते. बायकोने कॅनकडे पाहिले, तो उचलला, आणि त्यातल्या पाण्याचा सगळ्यांना चहा केला. दुपारचा वरणभातही त्यातच शिजला. दुसऱ्या दिवशी कॅन रिकामा होता, आणि आबा आमचे पाणी प्याले.

फुकट राहायचे नाही, हे मात्र त्यांनी सोडले नाही. ते घरात काम शोधत होते आणि त्यांना माझा क्रेट सापडला. त्यांनी त्यात काठी घातली, वास घेतला आणि मला बोलावले.

"पाव्हणं, ह्ये खत न्हाई. तुमी नुसता कचरा कोंडून ठिवलाय."

त्यांच्याकडे जावयाला पाव्हणं म्हणतात. आमच्या लग्नाला कितीही वर्षे झाली तरी मी पाव्हणाच.

सोसायटीच्या झाडणाऱ्या बायकांकडून त्यांनी वाळक्या पानांचे पोते आणले. त्या ती पाने कोपऱ्यात जाळत होत्या. सालींचा एक थर, पानांचा एक, वरून आंबट ताकाचा शिपका, आणि दर चार दिवसांनी सगळे खालचे वर. मी जे पाण्यासारखे ओले ठेवत होतो ते त्यांनी मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतपत ओले ठेवले. दीड महिन्यात त्याचे काळे, भुसभुशीत खत झाले. त्याला नुसता मातीचा वास होता. शेजारच्या काकू पुन्हा आल्या, या वेळी हातात वाडगे घेऊन.

चार दिवसांचे दोन महिने झाले. मग आबा एका रविवारी लोणी काळभोरला जाऊन आले आणि विहिरीकडेच्या कागदी लिंबाची गुटी बांधलेली फांदी घेऊन आले, मुळे फुटलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. प्लास्टिकचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात ती लावली. बायकोने त्यांना विचारले की आता इथेच राहणार ना. त्यांनी ड्रममधली माती हाताने सपाट केली.

"लिंबाला वरीस लागतंय जीव धरायला. तवर ऱ्हातो. फुडचं फुडं."

म्हणजे वर्षभर. त्यानंतर ते लिंबाच्या हाती होते, किंवा आबा तसे मानत होते. झाड लागले तर इथे आपला काही उपयोग आहे असे ते धरून चालणार. नाही लागले तर परत त्या दोन खोल्या आणि ती मोरी. बायको हे माझ्याइतकेच स्पष्ट समजली होती. ती शाळेत जाताना आणि शाळेतून आल्यावर, चप्पल पायात असतानाच, गॅलरीत जाऊन लिंबाकडे पाहत असे.

निळी बादली झाडांची, हे मी आबांना लिंबू लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. एका घराच्या फिल्टरमधून दिवसाला किती पाणी वाया जाते, आपल्या इमारतीतून किती, आणि तेवढ्यात गावाकडची किती झाडे जगतील, हेही सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं." त्यानंतर रोज सकाळी ते निळी बादली लिंबाला घालू लागले. मला ही व्यवस्था इतकी आवडली की मी ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मुद्देसूद, पाच वाक्यांत लिहून टाकली. सहा-सात घरांनी अंगठे दाखवले.

परतीच्या पावसात झाड हिरवे राहिले. थंडीत पानांच्या कडा करपल्या. मार्चपासून इमारतीत टँकर येऊ लागले आणि पाने गळायला लागली, आधी खालची, मग वरची. ड्रमच्या कडेला मातीवर पांढरी साय धरली होती. मी ती पाहिली होती. मला वाटले खताची बुरशी असेल. आबांनी माती हलवली, राख घातली, ड्रम उन्हात सरकवला, पुन्हा सावलीत आणला. तक्रार केली नाही. मात्र जेवताना ते लोणी काळभोरच्या पत्र्यांविषयी बोलू लागले. पावसाआधी पत्रे बघितले पाहिजेत, बंद घराला वाळवी लागते, पुतण्या तरी किती लक्ष देणार. एक दिवस ते मगरपट्ट्याच्या बाजूला चालत गेले आणि चांभाराकडून आपल्या पिशवीची तुटलेली चेन बसवून घेऊन आले. पिशवी त्यांनी कपाटाच्या वर न ठेवता कॉटखाली ठेवली. बायकोने ते पाहिले.

त्याच आठवड्यात आबांना लिफ्टच्या दारात चक्कर आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, बाकी सगळे ठीक आहे, यांच्या पोटात पाणी कमी जातेय, या उन्हात भरपूर प्या. बायको बुचकळ्यात पडली. ती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांच्यासाठी फिल्टरच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवत असे आणि संध्याकाळी दोन्ही रिकाम्या असत. ओठ मात्र सुकलेले. तिने त्यांना विचारले तर म्हणाले, पितो की.

मग ती स्वयंपाकघरात आली. ती सहसा रडत नाही. ओट्याकडे तोंड करून ती हळू आवाजात म्हणाली, "आबांनी आपलं पाणी सोडलंय. बाटल्या ओतून देतायत. जायचं ठरलंय त्यांचं."

मी म्हटले, आधी खात्री करू.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत होती. मी जेवून आडवा झालो, पेपर तोंडावर घेतला आणि जागा राहिलो. थोड्या वेळाने आबा उठले. त्यांनी दुसरी बाटली घेतली, गुडघा सांभाळत गॅलरीत गेले, आणि लिंबाच्या बुंध्याभोवती गोल, सावकाश पाणी सोडले. तळाशी घोटभर उरले, ते स्वतः प्यायले.

मी दारात जाऊन उभा राहिलो. ते दचकले नाहीत.

"आबा, ते तुमचं प्यायचं पाणी होतं."

"म्हाईत हाय."

"मग निळी बादली?"

ते ड्रमकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले की महिना झाला, निळी बादली ते संडासात ओततात. आम्ही दोघे घरात नसताना.

"खारं हाय ते, पाव्हणं. पयल्याच आठवड्यात म्या चाखलं व्हतं."

"पहिल्या आठवड्यात? मग इतके महिने घातलंत कशाला?"

"तुमी सांगितलं व्हतं."

"आणि मला सांगितलं का नाहीत?"

आबांनी बाटलीचे झाकण लावले. मग माझ्याकडे पाहून, समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "लेकीच्या घरच्या पाण्याला नाव ठिवू व्हय?"

मी स्वयंपाकघरात गेलो, निळ्या बादलीत वाटी बुडवली आणि एक घोट घेतला. मचूळ, खारट, जिभेवर राहणारे पाणी होते. फिल्टर पाण्यातले क्षार काढतो, हे मला माहीत होते. त्यावरचे लेख मी तपासून छापायला पाठवले होते. काढलेले क्षार जातात कुठे, हा त्याच्या पुढचा प्रश्न मी विचारला नव्हता. ते नळीतून निळ्या बादलीत येत होते, आणि टँकरच्या जड पाण्याच्या दिवसांत दुप्पट येत होते. झाड वाळले की आबा जाणार होते, आणि ते वाळवणारे पाणी मीच त्यांना नेमून दिले होते.

बायको पाच वाजता आली. मी तिला दारातच सगळे सांगितले, क्रमाने, माझा भाग न वगळता. ती ऐकून घेत होती. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती आबांच्या खोलीत गेली. आबांशी बोलताना तिची भाषा माहेरची होते.

"आबा, शाळेत पोरांच्या वह्या तपासताना मला कुणाची चूक खपत न्हाई, ते मी कुणाकडनं शिकले?"

आबांनी गुडघा चोळला.

"आन् तुमी सवता झाड मरूस्तवर गप बसता?"

"तुझं येगळं. तू घरची हायस."

"आन् तुमी?"

मी पॅसेजमध्ये उभा होतो. खोलीत पंखा फिरत होता. मग बायकोच तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली की उद्यापासून या घरातली रोज एक चूक काढायची. सकाळच्या चहाआधी. नाही काढली तर चहा मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बराच वेळ उभे राहिले. परीक्षेला बसवल्यासारखा चेहरा होता. शेवटी म्हणाले, "कालच्या चहात पाणी जास्त व्हतं." बायकोने मान हलवली आणि चहा दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या भाजी आणण्यात चूक काढली. मी जी गवार आणतो ती त्यांच्याकडे म्हशीपुढे टाकतात. आठवड्याने रोज एक ही मर्यादा त्यांना पुरेना.

लिंबाचे हुकूमही आता तेच देऊ लागले. वरची चार बोटे माती काढून टाकली. ड्रमच्या भोकांतून पाणी वाहून जाईपर्यंत चांगल्या पाण्याच्या बादल्या तीनदा ओतल्या, म्हणजे साठलेला खार धुऊन निघेल. ते पाणी गॅलरीच्या नळीतून खाली जात होते आणि मी मनात लिटर मोजत होतो. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "मोजू नगा." मग त्यांनी सुकलेल्या काड्या छाटल्या, स्वतःचे खत घातले. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आता लिंबाला जाते. निळी बादली फरशीला आणि संडासाला. आठवड्यातून एकदा त्याच पाण्याने सोसायटीचे जिने पुसले जातात.

राहिला माझा व्हॉट्सॲपवरचा सल्ला. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बारीक टाइपात, चार ओळींची दुरुस्ती छापतात. ती कोणी वाचू नये अशीच तिची रचना असते. ग्रुपवर तशी सोय नाही. मी लिहिले की, फिल्टरचे टाकाऊ पाणी झाडांना घाला असे मी सांगितले होते ते चुकीचे होते, विशेषतः टँकरच्या दिवसांत; ते फरशी, संडास, गाडी धुणे यांसाठी वापरावे; माझी चूक घरातल्या एका जाणत्या माणसाने दाखवून दिली. शेजारच्या काकूंचे उत्तर दोन मिनिटांत आले: "तरीच आमची तुळस." त्याखाली सहा-सात अंगठे. संध्याकाळी त्याच काकू तुळशीची कुंडी घेऊन आबांना दाखवायला आल्या. त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी कुंडी घेऊन येऊ लागले. आबा खुर्चीत बसून माती बोटांत चोळून बघत आणि प्रत्येकाला त्याच्या चुका सांगत. लोकांना ते आवडत होते असे दिसले.

गणपतीच्या सुमारास लिंबाच्या दोन फांद्यांना नवी पालवी फुटली. बाकीच्या छाटाव्या लागल्या. फुले नाहीत, लिंबू धरण्याचा प्रश्नच नाही. याला झाड लागले म्हणायचे की नाही, यावर आबा काही बोलले नाहीत आणि आम्ही विचारले नाही. ठरलेले वर्ष त्यानंतर दीड महिन्याने भरले. त्या सोमवारी सकाळी आबांनी कॉटखालची पिशवी काढली, दोन कपडे भरले आणि लोणी काळभोरला जाऊन येतो म्हणाले. किती दिवस, ते सांगितले नाही. बायकोने डबा भरून दिला. ते गेल्यावर तिने क्रेटमधले खत खालचे वर केले, जे तिने आधी कधी केले नव्हते, आणि शाळेला उशिरा गेली.

तीन दिवस फोन नाही. त्यांच्या बाबतीत ते काही नवे नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी वॉचमनचा फोन आला की खाली एक टेम्पो उभा आहे आणि एक आजोबा वहीत नाव लिहायला तयार नाहीत.

मी खाली गेलो. टेम्पोत लोखंडी खाट, एक पत्र्याची ट्रंक आणि दोन गोधड्या होत्या. वॉचमन नवा होता. वहीत कोणाला भेटायचे आहे तो रकाना भरावाच लागतो, असे तो आबांना तिसऱ्यांदा समजावत होता. आबा त्याला तिसऱ्यांदा सांगत होते, "भेटायचं न्हाई कुणाला. घरी चाललोय." मी मध्ये पडलो आणि वही मिटली. खोल्या पुतण्याला दिल्या, एवढेच आबांनी मला सांगितले, खाट उतरवताना.

खाट लिफ्टमध्ये मावली नाही. लिफ्ट करणाऱ्याला खाट माहीत नसावी, असे आबांचे मत पडले. टेम्पोवाला आणि मी ती जिन्याने चौथ्या मजल्यावर नेली. आबा ट्रंकेबरोबर लिफ्टने जाऊ शकले असते, पण ते आमच्या मागे जिन्यानेच आले, प्रत्येक मजल्यावर गुडघा विसावत. प्रत्येक मजल्यावर भर दुपारी दिवा जळत होता. आबा तो बंद करत वर येत होते. खालून बटणांचा आवाज ऐकू येत होता.

बायको त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती. दारात उभी राहून तिने आधी खाट पाहिली, मग जिन्यातून वर येणारे आबा पाहिले. मग ती बाजूला झाली. खाट कुठे लावायची, हे आबांनीच विचारले.

तिने त्यांच्या खोलीतली भिंतीकडची जागा दाखवली. ती त्यांना पटली नाही.